एक सुताची नळी

मोटारीच्या डॅशबोर्डवर पाच-सहा काटे असतात, पण ते बहुतेक सांगोवांगीवर चालतात. स्पीडोमीटरला केबल येते, पेट्रोलच्या काट्याला वायर येते, पाण्याच्या तापमानाच्या काट्याला ईथर भरलेली बंद नळी येते. अँपिअरचा काटा सोडला, तर जुन्या गाडीत एकाच काट्याच्या पाठीशी प्रत्यक्ष माल येऊन उभा असतो. तो काटा ऑइल प्रेशरचा. इंजिनात फिरणारं तेलच तिथवर येतं. बाहेरून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग एवढ्याच जाडीच्या तांब्याच्या नळीतून येतं आणि ड्रायव्हरच्या गुडघ्यापासून वीतभरावर थांबतं. चालत्या गाडीत ही नळी तुटली तर पायावर गरम तेल सांडतं, काटा शून्यावर येतो, आणि तरीही गाडी हाणत राहिलं तर थोड्याच वेळात तेलाचं चेंबर रिकामं होतं. पुढचा खर्च विचारू नये.

मी मोटारवाला नव्हे. माझी सगळी नोकरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून झाली. बॉयलरची, टर्बाइनची, ज्यूस हीटरची प्रेशर गेजं उतरवायची, टेस्टरवर लावायची, काटा चुकत असेल तर सरळ करायचा आणि परत चढवायची. गळीत हंगाम संपला की टेबलावर गेजांची रांग लागायची. निवृत्तीनंतर उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या गॅरेजात जाऊन बसायची सवय लागली, आणि 'अण्णा, तेवढा काटा बघा की' असं म्हणत तिथले मेस्त्री जुन्या गाड्यांची मीटरं माझ्यापुढे ठेवू लागले. त्यातलीच ही एमजी टीसी, १९४८ सालची. मालकाच्या आजोबांनी घेतलेली, कित्येक वर्षं गोठ्याशेजारच्या खोलीत झाकून ठेवलेली. इंजिन दुसऱ्यांनी बांधलं होतं. माझ्याकडे काम एवढंच होतं, की ऑइल प्रेशरचा काटा चालू करायचा आणि त्याची नळी नव्याने टाकायची.

ब्रिटनमधले नेमके लोक या गाडीला व्हिंटेज म्हणायचे नाहीत. त्यांच्या हिशेबात व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० या काळातली गाडी. आपल्याकडे २०२१च्या केंद्रीय नियमाने पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूप न बदललेली गाडी व्हिंटेज ठरते आणि तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. मालकाला तो नंबर हवा होता, म्हणून आपणही तिला व्हिंटेजच म्हणू.

या नळीचा इतिहास शोधायचा तर ती मुळात लागलीच का, इथून सुरुवात करावी लागते. पहिल्या मोटारींना ती नव्हती, कारण तेल डोळ्यांना दिसत होतं. डॅशबोर्डवरच पितळेची तेलपेटी असे. तिच्याखाली काचेच्या छोट्या नळ्या, आणि त्या काचेतून एकेक थेंब बेअरिंगकडे जाताना ड्रायव्हर बघत असे. मिनिटाला किती थेंब हवेत, ते वरच्या स्क्रूने ठरवायचं. चढ आला की थेंब वाढवायचे, उतारावर कमी करायचे. तेल एकदा गेलं की गेलं. काही जळायचं, उरलेलं रस्त्यावर. आपल्याकडे विहिरीवरच्या जुन्या आडव्या आइल इंजिनांवर असाच काचेचा लुब्रिकेटर असायचा, आणि लहानपणी तो थेंब पडताना बघत बसणं हा आमचा उद्योग होता. इंजिनवाल्याला विचारलं, तेल बरोबर चाललंय कशावरून, तर तो काचेकडे बोट दाखवायचा. विषय संपला.

पण फिरण्याचा वेग वाढला तसं थेंबांचं भागेना. वेगवान वाफेच्या इंजिनांना, विशेषतः वीज तयार करणाऱ्या इंजिनांना, हा त्रास आधी जाणवला. बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉरकम या कारखान्यातल्या आल्बर्ट पेन याने १८९० मध्ये त्यावरच्या उपायाचं पेटंट घेतलं. पंपाने तेल दाबायचं, ते बेअरिंगांमध्ये घुसवायचं, खाली पडलेलं गोळा करून पुन्हा पंपाकडे आणायचं. आजच्या प्रत्येक मोटारीत हेच चालतं. तेल क्रँकच्या पोटातल्या भोकांमधून फिरतं आणि सुरी फिरवल्यासारखा पातळ थर धरून शाफ्टला बेअरिंगपासून अलग ठेवतं. जोवर तो थर आहे तोवर धातूला धातू लागतच नाही. फायदा मोठा झाला, पण चालवणाऱ्याच्या हातून एक गोष्ट गेली. तेल आता बंद लोखंडात शिरलं आणि दिसेनासं झालं. पंप अडकला, जाळी तुंबली, चेंबरमध्ये तेलच उरलं नाही, तरी वरून सगळं पूर्वीसारखंच दिसणार. कळणार ते बेअरिंगमधलं व्हाइट मेटल वितळून रॉड वाजायला लागल्यावर.

सगळ्यांनी लगेच पंप घेतला असंही नाही. १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीहून जास्त खपलेल्या फोर्डच्या मॉडेल टीला तेलाचा पंपच नव्हता. फ्लायव्हील तेलात फिरे, तेल उडवी, त्यातलं थोडं एका नसराळ्यात पडून नळीने पुढे जाई. प्रेशरच नाही तर काटा कशाचा? तेलाची पातळी बघायला खाली दोन कॉक होते आणि ते उघडून बघायला माणसाने गाडीखाली शिरायचं. ऑस्टिन सेव्हनमध्ये पंप होता, पण दाब इतका कमी की सुरुवातीच्या गाड्यांत काट्याऐवजी डॅशबोर्डवर नुसतं एक बटण ठेवलं होतं. दाब आला की बटण बाहेर येई, दाब गेला की आत जाई. मला ही युक्ती फार आवडते. गरज तेवढंच सांगायचं, आणि तेही तेलाच्याच जोराने.

बाकीच्यांनी काटा घेतला, आणि तो त्यांना तयार मिळाला. त्यासाठी मोटारीच्या पन्नास वर्षं मागे जावं लागतं, माझ्या बॉयलरच्या मुलखात. वाफेचा दाब पूर्वी पाऱ्याच्या उभ्या काचेच्या नळीने मोजत. एका वातावरणाच्या दाबाला ७६० मिलिमीटर पारा, म्हणजे शंभर पौंडांच्या आसपासच्या वाफेला पाच मीटरहून उंच काच हवी. कारखान्याच्या भिंतीला ती टेकवता येते, धावत्या रेल्वे इंजिनावर कुठे लावणार? पॅरिसच्या युजीन बूर्दाँ या यंत्रकाराला याचं उत्तर भलत्याच कामात मिळालं. गुंडाळलेली एक नळी वळवताना चपटी झाली होती. ती पूर्ववत गोल करावी म्हणून त्याने तिचं एक तोंड बंद केलं आणि दुसऱ्या तोंडातून पाणी दाबलं. चपटा भाग फुगून गोल होऊ लागला, आणि नळीची गुंडाळी सुटू लागली. जोतिबाच्या यात्रेत मिळणारी कागदी पिपाणी फुंकली की उलगडते, तसंच. बूर्दाँने १८ जून १८४९ रोजी पेटंट घेतलं. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याला कौन्सिल मेडल मिळालं आणि १८५२ मध्ये एडवर्ड अॅशक्रॉफ्टने अमेरिकेतले हक्क विकत घेतले. जगातल्या बॉयलरांवर, पंपांवर, गॅसच्या सिलिंडरांवर आजही तीच वाकडी नळी बसते.

एमजीचं गेज उघडलं तेव्हा आत माझी रोजची ओळखीची मंडळी होती. 'सी' अक्षरासारखी वळवलेली चपटी नळी, तिच्या बंद टोकाला एक बारीक लिंक, लिंकच्या पलीकडे दातेरी पंखा, त्याच्याशी जुळलेलं छोटं पिनियन, पिनियनवर काटा आणि काट्याला मागे ओढून धरणारी केसाएवढी स्प्रिंग. दाब वाढला की 'सी'चं बंद टोक जेमतेम दोन-तीन मिलिमीटर सरकतं. एवढीशी हालचाल पंखा आणि पिनियन मोठी करून काट्याला देतात. नळी शाबूत होती. पिनियनच्या दातांत जुन्या ग्रीसचा दगड झाला होता. पेट्रोलने धुतलं, घड्याळवाल्याकडचं तेल अगदी सुईच्या टोकाने दिलं, आणि एका ओळखीच्या वर्कशॉपात डेडवेट टेस्टरवर लावलं.

डेडवेट टेस्टर म्हणजे ठरलेल्या क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर मोजलेली वजनं ठेवायची. दाब त्या वजनाइतकाच, वादाला जागा नाही. २० पौंडांना काटा २३ दाखवत होता, ४०ला ४३, ६०ला ६३. असं सगळीकडे सारखं चुकलं की काम सोपं असतं, काटा उपसून तीन पौंड मागे बसवायचा. वीसला एक आणि साठला तीन अशी चूक वाढत गेली तर मात्र लिंकची जागा हलवावी लागते, आणि ते काम घाईत होत नाही. नव्या पोरांना मी हे आधी शिकवायचो, कारण ते सरसकट काटाच उपसायचे.

आणि हो, पौंडच. दाब म्हटला की आमच्या पिढीच्या तोंडी पौंडच येतो. १९५६च्या कायद्याने आपण मेट्रिक झालो, कारखान्यातली गेजं किलोची आली, बॉयलर २१ किलोला चालायला लागला, पण सायकलवाला आजही विचारतो, किती पौंड हवा?

गेज झालं. आता नळी. खरी गंमत पुढे होती, कारण नळी म्हणजे दोन टोकं, आणि टोक म्हणजे आटे.

या गाडीच्या आट्यांची गोष्ट पहिल्या महायुद्धात सुरू होते. पॅरिसजवळच्या सँ-दनीमध्ये हॉचकिस कंपनीचा बंदुकांचा कारखाना होता. जर्मन सैन्य जवळ येतंय म्हणून तिने १९१५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत दुसरा कारखाना काढला. युद्ध संपलं, यंत्रं मोकळी पडली, तेव्हा ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिसने त्यांना आपल्या गाड्यांची इंजिनं करायला दिली, आणि १९२३ मध्ये कारखानाच विकत घेतला. कारखान्याची यंत्रं फ्रेंच, म्हणजे आटे मेट्रिक. इंग्लंडमधल्या गॅरेजवाल्यांच्या पेटीत मात्र पाने व्हिटवर्थ या इंची मापाचे. मग तोड निघाली ती अशी की बोल्टचे आटे मेट्रिक ठेवायचे आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थच्या मापाची करायची. ही खिचडी नंतर तिथून निघालेल्या मॉरिसच्या इंजिनांत उतरली, आणि १९४५ ते १९४९ दरम्यान अॅबिंग्डनला बनलेल्या दहा हजार एमजी टीसींच्या १२५० सीसी इंजिनातही आली. आठ मिलिमीटरच्या बोल्टचा आटा एक मिलिमीटरचा. बाजारातला आठ एमएमचा बोल्ट सव्वा मिलिमीटर आट्याचा असतो, तो दोन फेरे गेल्यावर अडतो. आमचे मेस्त्री पहिल्या दिवशी म्हणाले, "अण्णा, ही गाडी इंग्लिश म्हणून सांगितली, हिचं माप लागंना की!" त्यांनी एमएमचा सगळा सेट वापरून पाहिला होता. पाना व्हिटवर्थचा हवा आणि डाय मेट्रिक, हे पटायला त्यांना वेळ लागला, आणि पटल्यावरही ते मॉरिससाहेबाला जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

आणि नळ्यांचे आटे? ते या दोन्हींत नाहीत, ते ब्रिटिश पाइपचे. युनियन नटावर माप 'एक सूत' असलं तरी कॅलिपर लावला की आटे तीन सुतांहून किंचित जास्त भरतात, साधारण ९.७ मिलिमीटर. कारण हे माप बाहेरचं नाहीच. त्या काळच्या जाड लोखंडी नळीची आतली पोकळी एक सूत, म्हणून तिच्या बाहेर पाडलेला आटाही एक सुताचा. नळ्या पातळ झाल्या, तांब्याच्या झाल्या, नाव मात्र राहिलं. या आट्यात इंचाला २८ फेरे. अमेरिकन पाइपच्या एक सुतीत २७, कोन वेगळा, शिवाय आटा निमुळता. हाताने सुरुवात केली की दोन्ही एकमेकांत जातात. दोन-अडीच फेरे मस्त जातात आणि नंतर जड होतात. तिथे शहाणा माणूस थांबतो. आमच्या गाडीत कुणीतरी पूर्वी न थांबता पान्याला पाइप लावून अमेरिकन अॅडॅप्टर कोंबला होता आणि वरून टेप गुंडाळली होती.

अमेरिकन आटे कोल्हापुरात आले कसे, याचं उत्तर सोपं आहे. आपल्याकडे या दोन्ही जातींच्या गाड्या शेजारी शेजारी चालल्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली आणि शेवरोले घाटावर पोचल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या डिस्पोजलच्या जीपा लिलावात आल्या. पाठोपाठ महिंद्रांनी मुंबईतच विलीस जीपची जुळणी सुरू केली. जीपच्या डॅशबोर्डवरही ऑइल प्रेशरचा काटा असे. त्यामुळे बाजारात नळी, युनियन, अॅडॅप्टर जे सहज मिळायचं ते जीपचं. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली, इंग्लंडहून पार्ट मागवणं दुरापास्त झालं, आणि मॉरिस, ऑस्टिन, एमजी यांच्या मालकांना जे हाताशी लागेल त्यावर भागवावं लागलं. त्या कोंबलेल्या अॅडॅप्टरबद्दल मी कुणाला फार दोष देत नाही. त्याच लोकांनी लेथवर बसून पिस्टन आणि गिअर केले आणि गाड्या चालवून दाखवल्या.

महायुद्धात आट्यांचं हे भांडण साहेबांनाही नडलं होतं. रोल्स-रॉइसचं मर्लिन हे विमानाचं इंजिन अमेरिकेत पॅकार्डने बनवायला घेतलं, तेव्हा त्यांना ब्रिटिश आट्यांचे टॅप आणि डाय मुद्दाम तयार करून घ्यावे लागले. शेवटी नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्रित आट्यांच्या करारावर सह्या केल्या. बोल्टांचं लग्न लागलं. पाइपचे आटे मात्र तेव्हाही वेगळे राहिले आणि आजही आहेत, २७ तिकडे आणि २८ इकडे. आम्ही ब्लॉकच्या भोकातून २८चा टॅप हाताने, तेल घालत, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा फिरवला. सुदैवाने आतले पाच-सहा आटे जिवंत निघाले, नाहीतर बुश घालावा लागला असता.

आता तांबं. माझं आजोळ पुण्यात कसब्यात, तांबट आळीच्या हाकेच्या अंतरावर. पेशव्यांच्या काळात कोकणातून येऊन वसलेले हे कारागीर. बंब, घंगाळी, हंडे. सुट्टीत गेलो की सकाळपासून ठोक्यांचा आवाज कानावर असायचा. तिथे मी जे पाहिलं ते पुढे आयटीआयमध्ये पुन्हा शिकवलं तेव्हा मला नवं वाटलं नाही. तांबट भांडं मठारत जातो तसं तांबं कडक होत जातं, आणि एका टप्प्यानंतर ठोकलं तर चिरतं. मग तो ते भट्टीत घालून लाल करतो आणि पाण्यात बुडवतो. तांबं पुन्हा मऊ पडतं आणि तो पुन्हा ठोकायला बसतो. पोलाद असं तापवून पाण्यात घातलं तर काचेसारखं कडक होतं, म्हणून लोहाराच्या भट्टीवर वाढलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. खरं तर मऊपणा तापवण्याने येतो. पाण्यामुळे फक्त हात लावण्याजोगं लवकर होतं आणि वरची काळी खपली झडते.

मोटारीतल्या नळीला हातोडा कुणी मारत नाही, पण इंजिनाची थरथर तेच काम लाखो बारीक ठोक्यांनी करते. नळी वर्षानुवर्षं हलते, हळूहळू कडक होते, आणि एक दिवस निपलच्या बुडाशी, जिथे डाग दिलेला असतो तिथेच, केसाएवढी चीर पडते. जुनी नळी काढली तेव्हा ती तिथेच गेलेली होती. वाकवायला गेलो तर हरभऱ्याच्या वाळक्या काडीगत मोडली असती, म्हणून वाकवलीच नाही.

नवी नळी घेतली, गॅसवर टप्प्याटप्प्याने लाल करत नेली आणि बादलीत बुडवली. आधी जाड तारेने रस्ता आखून घेतला होता. ब्लॉकपासून निघायचं, एक्झॉस्टच्या वाटेला जायचं नाही, फायरवॉलच्या भोकातून आत शिरायचं आणि तिथे रबरी ग्रॉमेट हवाच, नाहीतर पत्र्याची कड नळीला करवतीसारखी कापते. (टीसीची बॉडी लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून केलेली आहे. ती वेगळी हलते, इंजिन रबरी पॅडवर वेगळं हलतं.) म्हणून इंजिनाच्या बाजूला आधी छोटा लवचिक होज आणि मग तांब्याची नळी, आणि नळीलाही फायरवॉलपूर्वी तीन वेटोळी. वेटोळी मी एका गोल पाइपवर गुंडाळून केली.

गॅरेजातला पोरगा म्हणाला, "अण्णा, बॉयलरच्या गेजला पण अशीच गुंडाळी असते, मी बघितलीय." असते, पण ती वेगळ्या कामासाठी. बॉयलरच्या वेटोळ्यात पाणी साठून राहतं, त्यामुळे जिवंत वाफ गेजच्या नळीपर्यंत पोचत नाही. मोटारीतलं वेटोळं फक्त हलण्याला वाव देतं. रूप एक, धर्म वेगळा. हे त्याला समजावताना मला बरं वाटलं, कारण कारखान्यात शिकाऊ पोरं हा प्रश्न कधी विचारत नसत.

टोकांना निपल चांदीच्या डागाने जोडले. आतून फ्लक्सचा कण राहू नये म्हणून कॉम्प्रेसरची हवा मारली, पेट्रोल ओतून पुन्हा हवा मारली. गेजच्या नाकाला इतकं बारीक भोक असतं की वाळूचा एक कण पुरे. ते भोक बारीक ठेवण्याचं कारण पंपाचे ठोके. मोठं भोक ठेवलं तर काटा एका जागी उभा राहायचा नाही. गेजकडच्या जोडात चामड्याचा वायसर, तेलात भिजवून. आवळताना दोन पाने लागतात, एकाने गेजची मान धरायची आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. एकच पाना लावून आवळणारा माणूस आतली बूर्दाँची नळी पिळतो आणि मग गेज खोटं बोलतं म्हणून ओरडतो.

गेजकडचा नट अर्धा फेरा सैल ठेवून मेस्त्रींनी प्लग काढलेलं इंजिन हँडलने फिरवलं. थोडा वेळ नुसती हवा फुसफुसली, मग नटाशी तेलाचा थेंब उभा राहिला, आणि मी नट आवळला. प्लग बसवून गाडी सुरू केली तेव्हा थंड तेलात काटा ६०च्या वर गेला. गरम झाल्यावर चालत्या गाडीत ४५च्या आसपास थांबला आणि आयडलला खाली उतरला. ४० ते ६० हे या इंजिनाचं निरोगी माप. मालकाने काळजीने विचारलं, "काका, आयडलला पडतोय, काही प्रॉब्लेम?" काही नाही. पंप हळू फिरला की तेल कमी दाबलं जातं, गरम तेल पातळ होतं, ते बेअरिंगच्या फटीतून सहज निसटतं. दाब हा पंपाचा गुण नव्हे, फटींनी केलेल्या अडवणुकीचा हिशेब आहे. बेअरिंग झिजत गेली, फटी रुंदावल्या, की हाच काटा वर्षागणिक दोन-दोन पौंड खाली येत जातो. थेंब मोजणाऱ्या माणसालाही एवढं कळत नव्हतं. त्याला तेल निघालेलं दिसायचं, पोचलेलं नाही.

मालकानेच सुरुवातीला मला विचारलं होतं, की एवढा खटाटोप करण्यापेक्षा इलेक्ट्रिक गेज बसवून टाकू का, वायर ओढली की झालं, पायावर तेल सांडायची भीतीही नाही. मुद्दा खोटा नव्हता. धोका आहेच, आणि मोटार कंपन्यांनी ही नळी सोडली त्यामागे तेही एक कारण होतं. पण व्हीए नंबर हवा आणि डॅशबोर्डमागे प्लॅस्टिकची वायर, हे मला जमणारं नव्हतं. तसं मी सांगितलं आणि तो गप्प बसला.

कंपन्यांनी आधी काट्याऐवजी दिवा आणला. अमेरिकेत हडसनने १९३०च्या दशकात तो लावला, आणि युद्धानंतर स्वस्त गाड्यांत तोच नेहमीचा झाला. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीत, म्हणजे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतही, लाल दिवाच होता. ब्लॉकवर एक स्विच असतो, दाब चार-पाच पौंडांच्या खाली गेला की तो दिवा लावतो. म्हणजे ४५चे २० झाले तरी दिवा गप्प. तो लागतो तेव्हा बहुतेक वेळा सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं. टॅक्सीवाल्याला त्याने फरक पडत नव्हता, तो इंजिनाच्या आवाजावरूनच ओळखायचा.

पुढे काटा परत आला, पण वायरीवरचा. आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस फोर्डच्या काही अमेरिकन गाड्यांत, नंतर माझ्दाच्या मियातातही, एक नवीन प्रकार सुरू झाला. इंजिनावर दाब मोजणारं सेंडर काढून नुसता दिव्याचा स्विच बसवला आणि मध्ये एक रेझिस्टर घातला. सहा-सात पौंड दाब असला की काटा उठून बरोबर मध्यावर उभा राहायचा, आणि तिथेच राहायचा, इंजिन नवं असो की मरायला टेकलेलं. खऱ्या काट्याचं वर-खाली होणं बघून गिऱ्हाइकं घाबरून तक्रार करायची, ती बंद झाली. हे मी मेस्त्रींना सांगितलं तेव्हा ते बोनेटमधून डोकं न काढता म्हणाले, "मग तो नुसता शोभेचा काटा की हो."